एकदाच येणारा दाब

दाबमापक तपासण्याच्या कामात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. कारखान्यातून आलेले गेज डेड-वेट टेस्टरवर चढवायचे, ठरावीक वजने एकेक करून ठेवत काटा कुठे स्थिरावतो ते टिपायचे, मग तीच वजने उलट्या क्रमाने उतरवत पुन्हा आकडे घ्यायचे, आणि चढतीचे व उतरतीचे आकडे जुळले नाहीत तर ते गेज बाजूला काढायचे, असा तो क्रम होता. या कामाचा सगळा आधार एका सवलतीवर असतो: शंका आली तर वाचन पुन्हा घेता येते. बॉयलर उद्याही तिथेच असतो, त्यातला दाबही साधारण तेवढाच असतो. अणुचाचण्यांच्या मैदानावर हवेच्या दाबाची मोजणी आखणाऱ्यांना ही सवलत नव्हती. तिथे दाब एकदाच येतो, तो किती असेल हे आधी कोणाला ठाऊक नसते, आणि तो आणणारी वस्तू गेज तपासायला मागे उरत नाही. या माणसांनी आपली आखणी कशी केली याबद्दल मी जे जे मिळाले ते वाचत आलो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. मोजणीचा खरा निकाल बऱ्याच अंशी आखणीच्या कागदावरच लागलेला असतो. कारण कोणते गेज कुठे ठेवायचे हे ठरवताना आपण काय पाहणार आहोत आणि काय पाहणार नाही हेही ठरवून टाकतो.

आधी, जे मोजायचे ते नेमके काय असते ते सांगायला हवे. स्फोटापासून ठरावीक अंतरावर उभ्या असलेल्या गेजला बराच वेळ काहीच कळत नाही. मग एका क्षणात, सेकंदाच्या अगदी बारीक अंशात, हवेचा दाब उडी मारून वर जातो. त्यानंतर तो हळूहळू उतरत मूळ पातळीला येतो, तिथे न थांबता खाली जातो, म्हणजे काही काळ हवा उलट दिशेने ओढली जाते, आणि मग सगळे पूर्ववत होते. वातावरणाच्या दाबावर जी भर पडते तिला अतिदाब म्हणतात. काही किलो टीएनटीच्या स्फोटात हा अतिदाब काही मिलिसेकंदच टिकतो. २० किलोटनांच्या, म्हणजे वीस हजार टन टीएनटीइतक्या, अणुस्फोटात, एक वातावरण (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा) इतका अतिदाब असेल त्या अंतरावर, तो साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपास टिकतो. म्हणजे गेजने दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. पहिली उडी पकडण्याइतके ते चपळ हवे, आणि पुढचा लांबलचक उतार खरा दाखवण्याइतके संथही हवे. दाबल्यावर विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे गेज चपळ असते, पण त्यावरचा विद्युतभार झिरपत जातो आणि उतार खोटा दिसू लागतो. पडद्याचे गेज उतार नीट दाखवते, पण उडीच्या वेळी स्वतःच थरथरते.

शिवाय तोंड कुठे करायचे हा प्रश्न आहेच. दाबाची ही उडी घेऊन हवेतून धावणारी आघातलहर गेजच्या अंगावरून सरकत गेली तर एक आकडा मिळतो. ती समोरून येऊन आदळली तर परावर्तनामुळे दुसराच मिळतो. एक वातावरण इतका अतिदाब असलेली लहर सपाट भिंतीवर सरळ आदळली, तर भिंतीला त्याच्या पावणेतीन पट दाब जाणवतो. त्यामुळे नुसता आकडा लिहून भागत नाही, गेज जमिनीशी समतल होते की खांबावर होते, स्फोटाकडे तोंड करून होते की कड करून, हे लिहिले नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

न्यू मेक्सिकोतील होर्नादा देल मुएर्तोच्या वाळवंटात १९४५ साली ट्रिनिटी या जगातल्या पहिल्या अणुचाचणीची तयारी सुरू झाली, तेव्हा हे सगळे प्रश्न पहिल्यांदाच एकत्र समोर आले. चाचणीचे प्रमुख होते केनेथ बेनब्रिज, आणि आघात व धक्क्याच्या मोजणीचा गट जॉन मॅन्ली यांच्याकडे होता. स्फोट किती मोठा होईल याविषयी शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली होती. ओपनहायमर यांनी ३०० टन टीएनटी एवढा आकडा धरला, राबी यांनी १८,००० टन, टेलर यांनी ४५,००० टन. ही पैज गंमत म्हणून सांगितली जाते, पण मला त्यात गेज लावणाऱ्याची अडचण दिसते. या तिघांतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंदाजात दीडशे पटींचा फरक आहे. रेंज मोठी घेतली आणि स्फोट लहान झाला तर काटा हलणारही नाही. रेंज लहान घेतली आणि स्फोट मोठा झाला तर गेज फुटेल. त्यांना हात दिला तो घनमुळाच्या नियमाने. ठरावीक अतिदाब किती अंतरापर्यंत पोचतो, ते अंतर स्फोटाच्या ऊर्जेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा हजारपट झाली तर अंतर फक्त दहापट होते. दीडशेपट ऊर्जेसाठी अंतर सव्वापाच पटींच्या आसपास बदलते, आणि तेवढ्या पट्ट्यात निरनिराळ्या अंतरांवर गेज पेरून ठेवणे माणसाच्या आवाक्यात होते.

म्हणूनच ७ मे १९४५ रोजी तिथे आधी एक तालीम झाली. लाकडी मचाणावर १०८ टन टीएनटी रचून तो उडवण्यात आला आणि उपकरणे अपेक्षित शक्तीच्या प्रमाणात जवळ आणून लावली होती. या तालमीतून आकडे मिळालेच, पण त्याहून उपयोगी अशा साध्या गोष्टी कळल्या: रस्ते चांगले हवेत, गाड्या जास्त हव्यात, टेलिफोनच्या तारा वाढवायला हव्यात. प्रयोगशाळेबाहेर काम केलेल्या कोणालाही हे वाचून बरे वाटेल. मैदानावरची मोजणी बहुतेक वेळा सिद्धान्तापाशी अडत नाही. ती तुटलेल्या केबलपाशी आणि वेळेवर न पोचलेल्या गाडीपाशी अडते.

१६ जुलैच्या पहाटे साडेपाचला खरा स्फोट झाला. एन्रिको फर्मी यांनी आधीच बजावले होते की स्फोटाबरोबर विद्युतचुंबकीय धक्का येईल, म्हणून संदेशवाहक तारांना आवरण दिलेले होते, पुष्कळ ठिकाणी दुहेरी आवरण. तरीही त्या क्षणी तारांमध्ये जो भलताच संकेत शिरला त्याने नोंदणीयंत्रे बधिर झाली आणि अनेक नोंदी गेल्या. स्फटिकाच्या गेजांच्या रेषा किरणोत्सर्गामुळे पट्टीबाहेर फेकल्या गेल्या. विमानातून छत्रीने सोडायची गेज खराब हवामानामुळे ठरल्याप्रमाणे सोडताच आली नाहीत. महिनोन्‌महिने केलेल्या तयारीचा मोठा भाग असा एका क्षणात हातचा गेला.

जे वाचले त्यात एक पेटी होती, आणि माझा जीव त्या पेटीवर आहे. तिच्या बाजूला वेगवेगळ्या व्यासांची गोल छिद्रे पाडून त्यांवर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल ताणून बसवलेली असे. मोठ्या छिद्रावरची फॉइल थोड्या दाबाला फाटते, लहान छिद्रावरची जास्त दाबाला. स्फोटानंतर माणसाने जाऊन एवढेच पाहायचे की कोणत्या छिद्रापर्यंतची फॉइल फाटली आणि कोणती शाबूत राहिली. खरा दाब त्या दोहोंच्या मध्ये. या पेटीला वीज लागत नाही, तार लागत नाही, ठरलेल्या क्षणी सुरू होण्याचा संकेत लागत नाही. ती दाबाचा चढ-उतार सांगू शकत नाही, फक्त कमाल दाब सांगते, आणि तोही दोन आकड्यांच्या दरम्यान. पण ती सांगते ते ठामपणे सांगते. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना मी नेहमी म्हणत असे की महागड्या उपकरणाशेजारी एक मुके उपकरण ठेवावे, ज्याला बिघडायला जागाच नाही.

दुसरी युक्ती अधिक देखणी होती. तिथे दाब मोजण्याऐवजी वेळ मोजली गेली. आघातलहर आवाजापेक्षा वेगाने धावते, आणि किती वेगाने, हे तिच्यातील अतिदाबावर ठरते. हा संबंध रँकिन आणि ह्यूगोनियो यांनी एकोणिसाव्या शतकातच बांधून दिला होता. अतिदाब एक वातावरण असेल तर लहर आवाजाच्या १.३६ पट वेगाने जाते. म्हणजे दोन ठिकाणी लहर कधी पोचली एवढे टिपले की मधल्या टप्प्यातला दाब काढता येतो, आणि पोचण्याची वेळ टिपायला गेजची अचूकता लागत नाही, त्याला नुसता दणका कळला तरी पुरते. अडचण एवढीच की आवाजाचा त्या पहाटेचा, त्या तापमानाचा, त्या वाऱ्यातला वेग माहीत हवा. त्यासाठी एक छोटा स्फोट करून त्याच गेजांवर आवाजाचा वेग मोजला गेला. मोजपट्टीच त्या दिवसाच्या हवेत तपासून घेण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

फर्मी यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले, लहरीने ते सुमारे अडीच मीटर सरकले आणि त्यावरून त्यांनी १०,००० टनांचा अंदाज बांधला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती सुंदर आहे, पण तिच्या वारंवार सांगण्याने फॉइलच्या पेट्या आणि छोटे स्फोट झाकले गेले, याचे मला वाईट वाटते.

यानंतर तीन आठवड्यांनी हीच विद्या हिरोशिमावर गेली. ६ ऑगस्टला बॉम्ब टाकणाऱ्या विमानासोबत दुसरे एक विमान होते, त्यात भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्वारेझ यांच्या गटातील माणसे होती, आणि त्या विमानातून छत्र्यांना बांधलेले तीन नळकांडी डबे सोडले गेले. प्रत्येकात दाबाचे गेज आणि रेडिओ प्रक्षेपक होता. संकेत विमानात येत आणि तिथे फिल्मवर उमटत. ते गेज मुळात कॅलटेक या अमेरिकी संस्थेत वेगळ्याच कामासाठी तयार झाले होते: नेमबाजीच्या सरावात गोळी लक्ष्यापासून किती लांबून गेली हे तिच्या आघातलहरीवरून ओळखण्यासाठी. त्या फिल्मवर उमटलेली रेषा अभियांत्रिकीच्या दृष्टीने उत्तम आहे. उडी आहे, उतार आहे, आणि जमिनीवरून परतून आलेली दुसरी उडीही आहे. ती रेषा मी उपकरणवाल्याच्या नजरेने पाहू लागतो आणि ते मला जमत नाही, कारण त्या दोन उड्यांच्या मधल्या वेळात खाली एक शहर होते. नागासाकीच्या वेळी अशाच डब्याला एक पत्र जोडलेले होते. बर्कलेत पूर्वी सोबत काम केलेले जपानी पदार्थविज्ञ र्‍योकिची सागाने यांनी आपल्या सरकारला युद्ध थांबवायला सांगावे, अशी त्यांच्या सहकाऱ्यांची विनंती त्यात होती. दाब मोजायच्या उपकरणासोबत ओळखीच्या माणसाला पत्र पाठवावे लागते, याहून त्या मोजणीची स्थिती स्पष्ट करणारे दुसरे काही मला सापडलेले नाही.

विल्यम पेनी हे ब्रिटिश गणिती या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात. युद्धानंतर ते दोन्ही शहरांत फिरले आणि वाकलेले खांब, चेपलेले डबे, आत दबलेले पत्रे मोजत गेले, कारण प्रत्येक वाकलेली वस्तू हे न लावलेले गेज आहे हे त्यांना कळले होते. या नोंदींवर आधारलेला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यात हिरोशिमाचा स्फोट १२ किलोटन आणि नागासाकीचा २२ किलोटन ठरवला आहे. मधल्या काळात, १ जुलै १९४६ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर झालेल्या एबल चाचणीत त्यांनी हीच कल्पना आखणी म्हणून वापरली. पेट्रोलचे रिकामे पत्र्याचे डबे लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जहाजांवर ठेवायचे, स्फोटानंतर गोळा करायचे, आणि चेपलेल्या डब्यात आता किती पाणी मावते ते मोजायचे. जितके पाणी कमी, तितका दाब जास्त. त्या दिवशी विमानातून टाकलेला बॉम्ब नेव्हाडा या लक्ष्यजहाजापासून सुमारे साडेसहाशे मीटर लांब पडला. लक्ष्यापासूनच्या अंतराप्रमाणे रेंज ठरवून लावलेल्या उपकरणांची आखणी त्यामुळे मुळातच सरकली. डबे मात्र स्वस्त होते, म्हणून पुष्कळ होते, म्हणून सगळीकडे होते. बॉम्ब कुठेही पडला तरी योग्य अंतरावर कोणता ना कोणता डबा असणारच होता.

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या वाळवंटात पुढे ही विद्या बरीच पक्व झाली. तिथे वापरलेले स्वयंनोंदी गेज मला विशेष आवडते. दाबाने फुगणाऱ्या एका लहानशा डबीला सुई जोडलेली, सुईखाली लेप दिलेली काचेची तबकडी, तबकडी फिरवायला बॅटरीवर चालणारी मोटर, आणि सगळे जमिनीत पुरलेल्या पेटीत. केबलच नाही, त्यामुळे केबलमधून शिरणारा खोटा संकेतही नाही. लेपावर उमटलेला बारीक ओरखडा नंतर सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा. अशी गेज, आणि त्यांच्या जोडीला लांब तारांनी बंकरशी जोडलेली विजेची गेज, एका सरळ रेषेत ओळीने लावली जात.

आणि या ओळींनीच एक अनपेक्षित गोष्ट पकडली. १९५३ च्या मे महिन्यात याच वाळवंटातल्या फ्रेंचमन फ्लॅटवर दोन स्फोट झाले. ८ तारखेचा एन्कोर २७ किलोटनांचा, सुमारे ७४० मीटर उंचीवर. २५ तारखेचा ग्रेबल १५ किलोटनांचा, तोफेतून डागलेला, अवघ्या १६० मीटर उंचीवर. लहान असूनही ग्रेबलने काही अंतरांवर जीपगाड्यांची जास्त नासधूस केली. कारण असे की कमी उंचीवरच्या स्फोटाची उष्णता आघातलहरीच्या आधी जमिनीवर पोचते, वाळवंटाची माती तापते, धुळीसकट हवेचा एक गरम थर जमिनीलगत तयार होतो, आणि त्या थरातून लहरीचा पाय पुढे पळतो. या पूर्वलहरीत गेजवर उडीऐवजी एक आडवातिडवा चढ दिसतो, कमाल अतिदाब अपेक्षेपेक्षा कमी भरतो, पण धुळीने जड झालेल्या वाऱ्याचा रेटा प्रचंड वाढतो. फक्त अतिदाबाची गेज लावली असती तर कागदावर ग्रेबल सौम्य दिसला असता. वाऱ्याचा रेटा मोजणाऱ्या, विमानांवर असतात तशा पिटो नळ्या ओळीत होत्या म्हणून खरे कळले. पुढे १५ एप्रिल १९५५ च्या मेट चाचणीत एकाच स्फोटाभोवती तीन ओळी आखल्या: एक उघड्या वाळवंटावर, एक डांबरी पृष्ठभागावर, एक पाणी भरलेल्या जमिनीवर. स्फोट एक, हवा एक, बदल फक्त पायाखालच्या जमिनीचा. आखणीचा याहून स्वच्छ नमुना मी पाहिलेला नाही, आणि तो अशा कामासाठी असावा याची बोचणीही तितकीच खरी आहे.

आखणीच्या नकाशावर जे नव्हते तेही लिहिले पाहिजे. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना मार्च १९४६ मध्ये राँगेरिकला हलवले गेले, आणि त्या बेटावर त्यांची उपासमार झाली. बिकिनीवरच्या १ मार्च १९५४ च्या ब्राव्हो चाचणीत अपेक्षा सुमारे ६ मेगाटनांची होती आणि स्फोट १५ मेगाटनांचा झाला. किरणोत्सर्गी राख राँगेलाप बेटावरच्या लोकांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. ऑस्ट्रेलियात मारालिंगा इथल्या ब्रिटिश चाचण्यांच्या वेळी गेजची जागा मीटरमध्ये ठरलेली होती. त्या विस्तीर्ण प्रदेशात फिरणाऱ्या मूळ रहिवाशांवर लक्ष ठेवायला मात्र सुरुवातीला एकच गस्ती अधिकारी होता. १९५७ च्या मे महिन्यात एक कुटुंब मार्कू स्फोटाच्या खड्ड्याजवळ मुक्काम केलेले आढळले. मोजणाऱ्यांना माणसांची पर्वा नव्हती असे सरसकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते, पण ज्या काटेकोरपणाने पेट्रोलच्या डब्यांची जागा नोंदली गेली त्या काटेकोरपणाने माणसांची नोंदली गेली नाही, हे कागदपत्रांतच दिसते.

अणुचाचण्यांवरच्या १९६३ च्या अंशतः बंदी करारानंतर अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाच्या चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि हवेच्या दाबाचे प्रकरण त्यांच्यापुरते मिटले. आपल्याकडे १८ मे १९७४ रोजी पोखरणला झालेला स्फोट १०७ मीटर खोल होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून गेलेल्या लोकांसमोर जमिनीच्या हालचालीचा प्रश्न होता, आघातलहरीचा नव्हता. त्याच केंद्राची कर्नाटकात गौरीबिदनूरला भूकंपमापकांची रांग आहे. ती १९६० च्या दशकात ब्रिटिश सहकार्याने उभी राहिली, दूरवरच्या भूमिगत स्फोटांचे कंप पकडण्यासाठी. हवेच्या लहरींसाठी आता जगभर पसरलेल्या अवश्राव्य (कानाला ऐकू न येणाऱ्या मंद ध्वनिलहरी टिपणाऱ्या) केंद्रांचे जाळे आहे, आणि त्यांतील गेजांना हजारो किलोमीटरवरून येणारा दाबाचा अत्यंत सूक्ष्म चढ वाऱ्याच्या गोंगाटातून वेगळा काढावा लागतो. भारताने अणुचाचण्यांवरच्या सर्वंकष बंदी करारावर सही केलेली नाही. ती करावी असे मला वाटते.

जुन्या मोजणीचे कामही संपलेले नाही. अमेरिकेने वातावरणात केलेल्या २१० चाचण्यांच्या सुमारे दहा हजार फिल्म वेगवेगळ्या तिजोऱ्यांत कुजत पडल्या होत्या. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील ग्रेग स्प्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शोधून, डिजिटल करून, अग्निगोलाची आणि आघातलहरीची वाढ चौकट-चौकट पुन्हा मोजायला घेतली, आणि पूर्वी प्रसिद्ध झालेले काही आकडे बरेच चुकीचे निघाले. हे पुन्हा मोजता येते, कारण कॅमेरा स्फोटापासून किती अंतरावर होता, भिंग कोणते होते आणि फिल्म सेकंदाला किती चौकटींनी धावत होती, हे त्या वेळी कोणीतरी लिहून ठेवले होते. जिथे ते लिहिलेले नाही, तिथे फिल्म कितीही स्वच्छ असली तरी तिच्यातून दाबाचा आकडा निघत नाही.